मालनआत्यांची निववणी

मालनआत्यांना किती वाजले म्हणून विचारलं की त्या आधी तापमान सांगायच्या. "चौतीस हाय सर. सव्वाबारा." वेळ ही त्यांच्या लेखी दुय्यम गोष्ट. कुणी आजारपणाच्या रजेवरून परत आलं तर "आता कसं हाय?" असं न विचारता "किती व्हता?" असं विचारायच्या, म्हणजे ताप किती होता. आमच्याकडच्या वनस्पतिशास्त्राच्या बाई बाळंतपणानंतर बाळाला दाखवायला कॉलेजात घेऊन आल्या, तेव्हा बाळ कुणाच्या वळणावर गेलंय यावर आम्ही सगळे वाद घालत बसलो. आत्यांनी बाळाच्या पोटावर तळहात टेकवला, "साडेछत्तीस. चांगलं हाय," असा निकाल दिला आणि झाडू घेऊन पुढं निघून गेल्या. बाईंनी घरी जाऊन थर्मामीटर लावून बघितला असणार. कारण दुसऱ्या दिवसापासून त्या आत्यांशी एकदम अदबीनं बोलायला लागल्या.

हा तळहात तयार झाला होता केडगावजवळच्या एका हॅचरीत. कोंबडीची अंडी यंत्रात उबवून पिल्लं काढायची तिथं. आत्यांनी त्या हॅचरीत तीस वर्षं काढली. काळोख्या खोलीत बसून एकेक अंडं बत्तीवर धरायचं आणि आत जीव धरलाय की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. हॅचरी बंद पडली आणि त्या शिरूरला आमच्या कॉलेजात तात्पुरत्या प्रयोगशाळा परिचर म्हणून लागल्या. रोज केडगावहून न्हावऱ्यामार्गे एसटीनं येणं, पुन्हा एसटीनं जाणं. लुगडं कायम सुती आणि खोचलेलं, पायांत रबरी चपला, आणि बोलणं असं की समोरचा प्राचार्य आहे की शिपाई हे ऐकणाऱ्याला कळू नये.

एकदा मी सहज विचारलं, "आत्या, तीस वर्षांत किती पिल्लं काढली असतील तुम्ही?"

"मोजली न्हाईत. लाखांनी असतील." मग म्हणाल्या, "पर सर, एक गंमत सांगू? पिल्लू निघालं का त्याच दिवशी खोक्यात भरून गाडीत जायचं. दुसऱ्या दिवसाचं पिल्लू म्या कवाच बघितलं न्हाई. वाढल्यावर कसं दिसतं, चालतं कसं, कायबी न्हाई. एक लॉट तरी माझ्या हातनं वाढावा आसं लई वाटायचं."

गंमत म्हणून सांगितलेल्या या गोष्टीत गंमत काहीच नव्हती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याच सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं आमच्या प्राणिशास्त्र विभागाला सॅलमँडरची एक जोडी दिली. तो पुण्यात नोकरीला होता, हौसेनं सॅलमँडर पाळायचा आणि आता परदेशी निघाला होता. टाकी, पाणी थंड ठेवण्याची सामग्री आणि सगळी कागदपत्रं त्यानं स्वतः आणून दिली. सॅलमँडर म्हणजे बेडकाचे नातेवाईक, पण शेपटीवाले. त्यातली ही अ‍ॅक्सोलोटल नावाची जात मेक्सिकोतल्या थंड तळ्यातली. हा प्राणी आयुष्यभर पाण्यात राहतो, आणि त्याचे कल्ले डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे बाहेर आलेले असतात. ज्या तळ्यात तो जन्मला त्या तळ्यात आता तो शोधून सापडत नाही. जगात जे काही उरलेत ते बहुतेक असे टाक्यांमध्येच.

हे सगळं मी आत्यांना समजावून सांगितलं. त्या काचेला नाक लावून बघत होत्या. नर फिकट गुलाबी, मादी काळपट. आत्या म्हणाल्या, "तुरा हाय की डोक्याला! म्हंजी वळखीचंच निघालं."

मी मुलांना नावं सुचवायला सांगितली होती. आत्यांनी ती फळ्यावरून पुसून टाकली. "जित्राबाला नाव ठिवायचं न्हाई सर. नाव ठिवलं का माणूस लाड करतो, आन् लाड केला का पारखायची नजर जाती." मग त्यांनीच टाकीवर चिकटपट्टी लावून नर एक नंबर आणि मादी दोन नंबर असं ठरवून टाकलं. आमच्या ऑफिसातले भाऊसाहेब मात्र त्यांना पाल म्हणायचे. एकदा कसल्याशा सहीसाठी ते प्रयोगशाळेत आले असताना एक नंबरनं शेपटी मारली आणि पाण्याचे चार थेंब भाऊसाहेबांच्या खांद्यावर उडाले. भाऊसाहेब तसेच उलट्या पावली घरी गेले आणि डोक्यावरून अंघोळ करून आले. त्या दिवशीची सही राहिलीच. आत्या महिनाभर त्यांना दारात गाठून विचारायच्या, "भाऊसाहेब, पानी गरम व्हतं का गार?"

आता जी चूक सांगायची आहे ती माझी की त्यांची, याचा निवाडा आमच्यात शेवटपर्यंत झाला नाही.

डिसेंबरात मी आठवड्याची रजा घेऊन गावाला गेलो. मादीचं पोट भरलेलं दिसत होतं म्हणून जाण्यापूर्वी टाकीवर एक चिठ्ठी लावली. या प्राण्यांची एक खोड असते. घातलेली अंडी ते स्वतःच खाऊन टाकतात. त्यामुळं मी लिहिलं: 'अंडी दिसल्यास तत्काळ वेगळ्या भांड्यात काढून उबवायला ठेवावीत.' पाठ्यपुस्तकात असंच लिहितात. अंडी वाढायला ठेवणे म्हणजे उबवणे. बेडकाची असोत की माशाची, आम्हा शिकवणाऱ्यांच्या मराठीत सगळी अंडी उबतात. त्या शब्दात ऊब आहे हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. ही चिठ्ठी वाचणारं माणूस तीस वर्षं ऊब याच गोष्टीवर जगलंय, हेही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दोन नंबरनं अंडी घातली. आत्यांनी ती चमच्यानं एकेक करून काढली, काचेच्या पसरट भांड्यात ओळीनं मांडली, वर साठचा बल्ब सोडला आणि पाणी साडेसदतीसवर आणून ठेवलं. हॅचरीत अंडी तासातासाला फिरवतात, म्हणून दिवसभर तासातासाला चमच्यानं फिरवली. एवढ्या निगुतीनं कुणी कधी अंडी शिजवली नसतील.

मी परत आलो तेव्हा सगळी अंडी पांढरीफटक पडली होती. मेलेलं अंडं पांढरं पडतं. आत्या भांड्याशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. मी काय झालं ते समजावून सांगितलं, की ही थंड पाण्याची जात, अंड्याला अठरा-वीस लागतं, चोविसाच्या वर सोसत नाही, आणि चूक माझ्या चिठ्ठीची आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. फळ्यापाशी गेल्या आणि हॅचरीच्या शिस्तीनं लिहिलं, 'लॉट १ : शून्य'.

"आत्या, मी लिहिलं होतं उबवायला. तुमचा काय दोष?"

"चिठ्ठी तुमची असंल. हात माझा व्हता." आणि मग, माझ्याकडं न बघता, "तीस वरसांत येक लॉट माझ्या हातानं मेला न्हवता सर."

मग त्यांनी ती चिठ्ठी काढून घेतली. तिच्यावरचा 'उबवायला' हा शब्द पेनानं खोडला, थोडा विचार केला आणि वर लिहिलं, 'निववायला'. तापलेलं दूध निववतात, तसं. "ती कोंबडीची उबवणी," त्या म्हणाल्या, "आन् ही निववणी. आता न्हाई चुकायची." मी प्राणिशास्त्रात इतकी वर्षं घालवली, पण इतका नेमका शब्द मला कुठल्या पुस्तकात भेटलेला नाही. पुढं आमच्या विभागात मुलंसुद्धा प्रॅक्टिकलच्या वहीत निववणी असंच लिहायला लागली आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाला ते कळेना.

पण शब्द सापडला म्हणून अंडी सापडत नाहीत. फेब्रुवारीत दोन नंबरनं पुन्हा अंडी घातली ती नेमकी शनिवारी संध्याकाळी, आणि सोमवारी सकाळपर्यंत दोघांनी मिळून ती फस्त केली. काचेला चिकटलेली सात-आठ तेवढी उरली, तीही वांझ. आत्यांचा त्या दिवशीचा संताप बघण्यासारखा होता. "आपलीच अंडी खाती? काय जात हाय ही!" म्हणून त्यांनी टाकीकडं पाठच फिरवली. दुपारी बघतो तर गांडुळं चिरून चिमट्यानं एक नंबरला भरवतायत. मी हसलो तशा म्हणाल्या, "त्यांना काय कळतंय सर. आपलं कंचं आन् खाणं कंचं ह्येच वळखत न्हाईत बिचारी. आपन हाव ना राखायला."

'लॉट २ : शून्य' असं फळ्यावर आलं आणि तिथून आमच्या प्रयोगशाळेत हॅचरीची राजवट सुरू झाली. दाराबाहेर लाल औषधाच्या, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटच्या, जांभळ्या पाण्याची पसरट पाटी आली. आत येणाऱ्यानं चपला त्या पाण्यात बुडवायच्या, हात साबणानं धुवायचे आणि पुन्हा नुसत्या पाण्यानं धुवायचे, कारण साबणही नको. रविवारची रजा त्यांनी स्वतःच रद्द केली. मादी अंडी घालण्याआधी नर टाकीच्या तळाशी खडीसाखरेच्या खड्यांसारखे बीजाचे पुंजके टाकतो, ते त्या ओळखायला शिकल्या. जुन्या पायपुसण्याचा काथ्या उकळून उकळून त्याच्या जुड्या बांधल्या आणि टाकीत सोडल्या, म्हणजे मादी अंडी त्यांना चिकटवेल आणि जुडीच्या जुडी एका झटक्यात उचलता येईल. बुरशी धरू नये म्हणून ग्राउंडवरच्या देशी बदामाची वाळलेली पानं भिजत घालून ठेवली. ही शेवटची युक्ती मी सांगितलेली. बाकीच्या सगळ्या त्यांच्या.

या राजवटीत एके दिवशी संस्थेचे अध्यक्ष आले. मोठे बागायतदार, तालुक्याच्या राजकारणातलं वजनदार प्रस्थ. पांढरे कपडे, पांढरे बूट. पाठीमागं प्राचार्य, त्यांच्यामागं आम्ही. आत्या दारात उभ्या.

"बूट बुडवा आप्पा."

प्राचार्यांचा चेहरा उतरला. अध्यक्ष म्हणाले, "मला वळखलं का तुम्ही?"

"वळखलं की. तुमच्याच सहीनं लागलीय मी. पर टाकीतली जित्राबं वळखत न्हाईत ना."

मग अध्यक्षांनी एक बूट बुडवला, दुसरा बुडवला आणि जांभळे झालेले बूट घेऊन आत आले. तासभर टाकीसमोर बसले. परत जाताना प्राचार्यांना म्हणाले, "ही बाई आपल्या दूधसंघात पाहिजे हुती." पुढच्या दोन सभांत तरी त्यांनी जांभळ्या बुटांची गोष्ट स्वतःच सांगितली, त्यामुळं आत्यांना आता कॉलेजात कुणी काही बोलायचं कारण उरलं नाही.

एप्रिल संपता संपता दोन नंबरनं तिसऱ्यांदा अंडी घातली. आत्या हजर होत्या. जुड्या उचलल्या, काचेच्या सहा बरण्यांत सोडल्या, एसी लावलेल्या छोट्या खोलीत ठेवल्या आणि पाणी एकोणीसवर आणलं. रोज सकाळी मोबाइलची बत्ती बरणीमागं धरायची आणि वाकून बघायचं. पहिले दोन दिवस काळा ठिपका. मग ठिपक्याची रेघ. सहाव्या दिवशी त्यांनी मला ओढत नेलं. प्रत्येक अंड्यात स्वल्पविरामाएवढं काहीतरी वाकून बसलं होतं. "धरलाय जीव," खोलीबाहेर आल्यावर त्या पुटपुटल्या. दोन नंबरचं वय झालं होतं. हा तिचा बहुधा शेवटचा लॉट, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. आपल्या हातानं मारलेल्यांची भरपाई झाली तर याच लॉटमध्ये, नाहीतर कधीच नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. हे त्या बोलल्या नाहीत, पण त्या दिवसांत त्यांचा डबा मी एकदाही रिकामा झालेला बघितला नाही.

आणि आठव्या दिवशी, सकाळी अकराला, कॉलेजला वीज देणारी डीपी जळाली.

वायरमन येऊन बघून गेला. नवी डीपी यायला चार दिवस तरी लागतील म्हणाला. बाहेर एक्केचाळीस. एसी बंद. दीड तासात बरण्यांतलं पाणी तेविसावर गेलं. मोठ्या जोडीसाठी मी बर्फाच्या बाटल्या आणवल्या. तेवढ्यावर त्यांचं भागणार होतं, पण अंड्यांना बर्फ चालेना. बाटली सोडली की पाणी एकदम चौदावर यायचं आणि काढली की पुन्हा चढायचं. "असा झोका नको त्यांना," आत्या म्हणाल्या. "मरत्याल."

प्राचार्य कपाळाचा घाम पुसत आले. माणूस वाईट नाही, पण मे महिन्यात कुणाच्याही तोंडून येतं तेच ते बोलले. "जाऊ द्या आत्या. दिवाळीत परत घालेल की ती."

"न्हाई घालायची सर. आन् घातली तरी ती ती असत्याल. ही ही हायती."

 

आत्या व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, हरल्या. दोन मिनिटांनी त्यांची हाक आली, "सर, दोन थर्मामीटर द्या. आन् बुटाची नाडी."

हॅचरीच्या यंत्रात दोन थर्मामीटर असतात. एक साधा, त्याला त्या ड्राय म्हणायच्या. दुसऱ्याच्या गोळ्याला पाण्यात बुडवलेली सुती वात गुंडाळलेली असते. तो वेट. यंत्रातल्या हवेत पाणी किती आहे ते या दोघांतल्या फरकावरून समजतं. हवा कोरडी असली की वात भराभर सुकते आणि वेट खाली खाली जातो. तीस वर्षं वेट खाली गेला की आत्या धावत जाऊन यंत्रात पाणी घालायच्या, कारण पिल्लू कवचातच वाळायचं. त्यांनी ते दोन थर्मामीटर व्हरांड्याच्या जाळीला टांगले, एकाला नाडी गुंडाळून तिचं टोक वाटीत सोडलं आणि वाऱ्याला धरले. ड्राय एक्केचाळीस. वेट घसरत घसरत एकवीसवर येऊन थांबला.

"एकवीस हितंच हाय सर," त्या म्हणाल्या. "ह्याच उन्हात हाय. आपन उगं विजंला बोंबलत बसलो."

मी पुस्तकातला माणूस. बाष्पीभवनानं गारवा येतो हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो. पण एक्केचाळीस अंशांच्या उन्हात एकवीस अंश लपून बसलेत हे मला त्या नाडीनं दाखवलं.

कॉलेजचे पाण्याचे चार माठ होते. आत्यांनी त्यांवर हात फिरवला आणि कपाळाला हात लावला. गॅदरिंगच्या वेळी मुलांनी चारही माठांना ऑइलपेंट देऊन वर 'प्राणिशास्त्र विभाग' असं ठळक लिहिलं होतं. "रंग फासल्यावर माठ घामंजंल कसा? त्याची कातडीच बुजली!" मग मी गाडी काढून तळेगाव ढमढेऱ्याला गेलो. तिथल्या कुंभाराकडून सहा नवे कोरे माठ घेतले आणि परत आलो. दोन तासांत आत्यांनी बरण्यांना ओली फडकी गुंडाळून, वारा घालून, पाणी चोविसावर कसंबसं अडवून धरलं होतं. आणखी एक अंश आणि सगळं संपलं असतं.

उत्तरेकडच्या व्हरांड्यात वाळूचे ढीग घालून त्यांवर माठ मांडले. माठात पाणी, पाण्यात गळ्यापर्यंत बरणी, तोंडावर ओलं फडकं. सगळ्या माठांना आत्यांनी आपल्या जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि प्रत्येक पट्टीचं टोक शेजारच्या बादलीत सोडलं. थर्मामीटरला वात, तशी माठाला वात. पट्टी आपोआप पाणी ओढते, सुकते, पुन्हा ओढते. तासाभरानं मी वाचलं: साडेतेवीस. आणखी एका तासानं: साडेबावीस. त्यानंतर बावीस. आकडा वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी यायला लागलं, म्हणून मी थर्मामीटर भाऊसाहेबांच्या हातात दिला. होय, भाऊसाहेब आले होते. चपला बुडवून आले होते.

चार दिवस कॉलेजात सुट्टी असूनही व्हरांड्यात माणसं होती. बादल्या प्राचार्यांनी भरल्या. ते शेतकऱ्याच्या घरातले, बादली धरताच कळलं. आत्या एसटीचा वेळ नको म्हणून माझ्याकडं राहायला आल्या आणि माझ्या बायकोला त्यांनी दूध निववण्याची बरोबर पद्धत शिकवली. चौथ्या दिवशी दुपारी वीज आली. बरण्या आत गेल्या. आत्यांनी एकेका बरणीमागं बत्ती धरली. अंड्यांमधले जीव गोल गोल फिरत होते.

सतराव्या दिवशी सकाळी पहिलं पिल्लू बाहेर आलं. भुईमुगाच्या टरफलातल्या शिरेएवढं. दुपारपर्यंत पाणी त्यांनी भरून गेलं. तीन दिवस निघतच होती. आत्यांनी पांढऱ्या वाटीत घेऊन घेऊन मोजली आणि फळ्यावर लिहिलं, 'लॉट ३ : ४१२'. कॉलेजात पेढे वाटले ते अध्यक्षांनी पाठवलेले.

पण मला आठवतो तो पहिलं पिल्लू निघालं त्याच्या पुढचा दिवस. मी सकाळी साडेसातला गेलो तर आत्या आधीच आलेल्या. स्टूल ओढून बरण्यांसमोर बसलेल्या, हात मांडीवर. मी काही काम आहे का म्हणून विचारलं.

"काम न्हाई सर," त्या म्हणाल्या. "आज दुसरा दिवस हाय."

मी दार लोटून घेतलं आणि बाहेर उभा राहिलो. आत जाणाऱ्यांना थोपवून धरलं. आयुष्यात काही थोडी बरी कामं मी केली असतील, त्यांतलं ते एक.

त्यानंतर तिसरा दिवस आला, दहावा आला. न्हावऱ्याकडच्या एका शेततळ्यातून पाण्यातल्या बारीक पिसवा, म्हणजे डॅफ्निया, आत्या दुधाच्या किटलीतून एसटीनं आणायच्या आणि पिल्लांना घालायच्या. कंडक्टरनं एकदा दूध समजून कपभर मागितलं होतं. पिल्लांना पुढचे पाय फुटले, मग मागचे. तुरे आले. एकमेकांचे पाय ओरबाडायची त्यांची खोड, म्हणून आकारानुसार त्यांना सतरा टपांत वेगळं केलं. ज्याचा पाय तुटला त्याला तो महिन्याभरात नवा आला. ते बघून आत्या दिवसभर ज्याला त्याला धरून दाखवत होत्या. रीतसर कागद करून पुढं पिल्लं चार कॉलेजांना गेली. पुण्याचे दोन प्राध्यापक पद्धत बघायला आले आणि माठांची मापं लिहून घेऊन गेले. त्यांचेही बूट जांभळे झाले.

पुढच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि आत्यांनी काम सोडलं. सोडताना फळा पुसू नका एवढंच म्हणाल्या. घरी बसवत नसे म्हणून केडगावात शेजारणींच्या माठांना वाती लावून देत असत, असं ऐकू यायचं.

मग गेल्या जानेवारीत आमच्याकडं ठेवलेल्या लॉट तीनच्या एका मादीनं पहिल्यांदा अंडी घातली. मी फोन केला. त्या नवव्या दिवशी आल्या, काठी टेकत. दारातल्या पाण्यात आधी काठी बुडवली, मग चपला. दिवा बंद करायला लावला, मोबाइलची बत्ती लावली आणि एकेक बरणी बघितली. तासभर. चकार शब्द नाही. मी दोनदा विचारलं, कसं आहे म्हणून. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. अंड्यांच्या पुढ्यात निकाल बोलायचा नाही, हा हॅचरीतल्या बायकांचा नियम. मग चहा घेतला, भाऊसाहेबांची चौकशी केली, माझ्या बायकोसाठी आणलेल्या शेवग्याच्या शेंगा माझ्या हातात दिल्या. स्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो. तिथंही काही बोलल्या नाहीत. मला धाकधूक वाटायला लागली होती. ही त्यांनी वाढवलेल्या पिल्लाची अंडी. यात काही बिनसलं असेल तर मला सांगणं त्यांच्या जिवावर येत असेल, असं वाटून मी गप्प राहिलो.

त्या बसमध्ये चढल्या, खिडकीशी बसल्या. बस मागं सरली, वळली, आणि निघाली तशी आत्यांनी खिडकीतून अर्ध्याच्या वर अंग बाहेर काढलं आणि भरल्या स्टँडवर ओरडल्या,

"सर! येकबी पांढरं न्हाई!"

उसाचा रस पिणारे, पेपर वाचणारे, पोरांना ओढून नेणाऱ्या बाया, सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी शेंगांची जुडी डोक्यावर धरून हलवत होतो. कंडक्टरनं वाकून त्यांना काहीतरी विचारलं असावं. कारण बस न्हावऱ्याच्या रस्त्याला लागताना मला दिसलं ते असं: आत्यांनी खिडकीकडं पाठ केली होती, दोन्ही हातांनी हवेत एक भलामोठा माठ उभा केला होता, आणि सगळी बस माना वळवून त्यांचं ऐकत होती.